गुरगुरणं मी मोडून काढलं

अन्याय झाला तो आमच्या कुत्रीवर. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेआठला, हरणी भागातल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी. करणारी मी. पत्रकात आम्ही असंच लिहितो, कोणावर, कधी, कुठे, कोणी केला. इथेही तसंच लिहिते, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहिणं मला जमत नाही.

तेव्हा मी गोरव्यातल्या कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. कुत्रीही तिथलीच. एका फाटकाशी आम्ही धरणं धरून बसलो होतो, तर दिवसभर माझ्या पायाला टेकून बसली आणि संध्याकाळी सरळ रिक्षात चढली. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. घरात मी आणि आई, दोघीच. आई मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आई कुत्रीशी मराठीत बोलायची, मी हिंदीत, शेजारी गुजरातीत. कुत्री सगळ्यांचं ऐकायची. पाच वर्षांत ती आमच्यावर एकदाही गुरगुरली नव्हती.

त्या सोमवारी पट्टा घालायला वाकले आणि ती गुरगुरली. अगदी हलकी, घशातल्या घशात. मी हात तसाच पुढे नेला. पुन्हा गुरगुरली. अंग ताठ झालं, मान तिने पलीकडे वळवली. हे सगळं मी पाहिलं होतं. पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला तपशील नीट सांगता आला, म्हणजे पाहिलंच होतं.

"माझ्यावर? माझ्यावर गुरगुरतेस?"

खांद्यावरच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यातली पाच-सहा काढली, गुंडाळी केली आणि तिच्या नाकावर मारली. पत्रक गुजरातीत होतं. मथळ्याचा अर्थ एवढाच, की कामगारांचं म्हणणं ऐकून घ्या.

"अगं, मारतेस कशाला?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "काहीतरी होत असेल तिला."

"काही होत नाहीये. तुझ्या लाडांनी डोक्यावर चढलीय."

"माझ्या लाडांनी? आणि पलंगावर कोण घेतं?"

खालच्या मजल्यावरच्या काकांनी पूर्वी कुत्रा पाळला होता. त्यांना जिन्यात विचारलं. ते म्हणाले, "एक वार दबाई जाय ने, पछी चूं नहीं करे." एकदा दबलं की पुन्हा आवाज काढणार नाही. हेच वाक्य एखाद्या सुपरवायझरने म्हटलं असतं, तर मी त्याच्यावर पानभर लिहिलं असतं. काकांना मी थँक्यू म्हटलं.

मग रोज सकाळी तेच. मी वाकायचे, ती गुरगुरायची, मी मारायचे. गुंडाळी दाराजवळच्या खुर्चीवर ठेवूनच दिली होती. मधल्या रविवारी ती आईवरही गुरगुरली. आमच्याकडे रविवारी न्हाण्याआधी कानात कोमट तेल घालायची पद्धत आहे. आजोबांना, बाबांना, मला घातलं गेलं, आणि कुत्री आली तसं तिलाही. कान सारखी खाजवत होती, म्हणून आईने त्या आठवड्यात जास्तच घातलं. "कोरडा पडला असेल ग." मी कुत्रीला गुडघ्यांत दाबून धरलं होतं.

मंगळवारी ती गुरगुरली नाही. बुधवारीही नाही. पट्टा हातात घेतला की जिभेने ओठ चाटायची, दुसरीकडे बघायची, घालून घ्यायची. घरी आली की टेबलाखाली जाऊन बसायची. मी सगळ्यांना सांगितलं, सुधारली. काकांना मुद्दाम खाली जाऊन सांगितलं.

पुढच्या रविवारी आईने तेलाची वाटी घेतली आणि टेबलाखाली हात घालून तिचा कान धरला. गुरगुर नाही, काही नाही. सरळ चावली. अंगठ्याखाली, खोलवर.

मला काही वाटलं नाही. म्हणजे काय वाटलं ते आठवायचा मी प्रयत्न केला आहे, पण तिथे काही नाही. आईचा हात नळाखाली धरला. साबण लावला. रिक्षा बोलावली. आई रिक्षात पहिलं वाक्य बोलली ते, "तिला कोंडून नाही ना आलीस?" सहा टाके पडले, शिवाय इंजेक्शनं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आणि दोघं जण आले. "बेन, आजे मम्मीने करडी, काले बीजाने करडशे. आवता रविवार सुधी काढी मूको." आज आईला चावली, उद्या दुसऱ्याला चावेल, म्हणून पुढच्या रविवारपर्यंत कुत्री बाहेर. कमिटीशी भांडायची माझी ख्याती होती. त्या दिवशी मी नुसती उभी राहिले. त्यांचं बरोबर आहे असंही वाटलं. कुठे सोडायची याचा मनात विचारसुद्धा सुरू केला, गोरव्याला, त्याच फाटकाशी.

ते गेल्यावर आई म्हणाली, "मला दवाखान्यात नेलंस ना? आता तिला ने."

सोमवारी नेली. जनावरांचे डॉक्टर वयस्कर, लहरीपुऱ्याजवळ बसायचे. तिच्या तोंडाला पट्टी बांधून त्यांनी पडलेला कान उचलला, आणि वास खोलीभर झाला. आत पू, पडदा फाटलेला. काही आठवड्यांचं दुखणं आहे, म्हणाले. वर तेल.

"पट्टा घालताना गुरगुरत नव्हती?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"गुरगुरायची."

"मग?"

"मग बंद झालं."

"आपोआप?"

"नाही. मी बंद केलं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हात धुता धुता म्हणाले, "चावायची वेळ येऊ नये म्हणून कुत्रं गुरगुरतं. तिने तुम्हाला आठ दिवस दिले होते, बेन."

त्यांनी कमिटीसाठी चिठ्ठी लिहून दिली, कुत्री आजारी आहे, उपचार चालू आहेत. ती घेऊन आई स्वतः, पट्टी बांधलेल्या हाताने, सेक्रेटरींच्या घरी गेली. जिन्यात आणि लिफ्टमध्ये तोंडाला जाळी, या अटीवर कुत्री राहिली. कान बरा झाला, पण त्या बाजूने तिला फारसं ऐकू येत नाही. आईचा अंगठा पूर्ण मिटत नाही. भाकरी थापताना दिसतं.

आणि कुत्री गुरगुरत नाही. दोन वर्षं झाली. चुकून शेपटीवर पाय पडला तरी नाही. आता आम्हाला सगळं अंदाजाने चालवावं लागतं. हात समोरून न्यायचा आणि थांबायचं. तिने तोंड वळवलं, ओठ चाटले, अंग ताठ केलं, तर हात मागे. नखं एका दिवसात दोनच कापून होतात. कधी कधी मी पट्टा हातात धरून नुसती उभी राहते. वाटतं, एकदा गुरगुर. ती निमूट मान पुढे करते.

तुमचं कुत्रं तुमच्यावर गुरगुरत असेल तर हात मागे घ्या. लगेच. ओरडू नका, मारू नका, घरात मालक कोण हे त्याला दाखवायला जाऊ नका. कुठे हात लावल्यावर गुरगुरलं ते कागदावर लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कानात, डोळ्यांत घरचं काही घालू नका. आणि त्याला गप्प करायला काठी, चप्पल, वर्तमानपत्राची गुंडाळी, जे काही दाराशी ठेवलं असेल, ते उठून आत्ता फेकून द्या.