अक्षतांच्या वेळी फुटलेलं चित्र

हे मी आईलासुद्धा बोललो नाही. फोनवर ती विचारते, तिथली माणसं बरी आहेत ना — आणि मी म्हणतो, फार बरी. खरंच आहेत. तिथेच तर माझं अडतं.

मी मालवणकडचा. नववीत शाळा सुटली, आणि कामं बदलत बदलत फैजपूरला केबलच्या कंट्रोल रूममध्ये लागलो. आबांच्या घरात मागची खोली भाड्याने मिळाली. भाडेकरूच मी, पण आबांच्या बायकोने, अक्कांनी, कधी उपाशी झोपू दिलं नाही. कळण्याची भाकरी आणि भरीत पुढे सरकवत म्हणायच्या, "खाय रे, मासे नही म्हनून तोंड नको पाडू." अशा घराशी कोणी खोटं बोलतं का? मी बोललो.

कामाचं थोडं सांगतो, नाहीतर कळायचं नाही. एका वाटेने ठरावीकच डेटा जातो, त्यात बरेच चॅनल दाबून बसवायचे. एकाला जास्त दिला की दुसऱ्याचा कमी होतो. कमी पडलेलं चित्र माणूस स्थिर उभा असेल तोवर बरं दिसतं — हालचाल वाढली की चौकोन चौकोन होऊन फुटतं. आणि चॅनलला कुलूप असतं. सिग्नल गावभर पोचतो, पण आम्ही परवानगी देऊ त्याच बॉक्सवर उघडतो.

आबांची मुलगी रजनीताई. तिचं लग्न गावातच होतं. पण आबांना साखरेचा जुना आजार, त्यात खुब्याचं हाड मोडलेलं, खाटेवरून हलायची बंदी. मोबाईलवर त्यांना चेहरे ओळखू येत नसत. मीच म्हणालो, आबा, टीव्हीवर दाखवतो. मंगल कार्यालयातून वायर ओढली, एक रिकामा चॅनल घेतला, आणि घरचं कार्य गावाने कशाला बघायचं म्हणून कुलूप लावून फक्त आबांचा बॉक्स उघडला. घर सगळं कार्यालयात. आबा एकटे, मुठीत अक्षता घेऊन टीव्हीसमोर.

त्याच दुपारी क्रिकेटचा मोठा सामना. फोनवर फोन — चित्र अंधुक येतंय, शेठला सांगू का? शेठ म्हणजे केबलचा मालक, माझी नोकरी त्याच्या हातात. मी लग्नाच्या चॅनलचा डेटा काढून सामन्याला दिला. एकाच घरात तर दिसतंय, म्हटलं. पडद्यावर बघितलं — अंतरपाट, दोन्हीकडे दोघं उभी, सगळं ठीक. आता अक्षता उडतील हे मला सुचलं नाही का? सुचलं होतं. तेवढ्यापुरता डेटा परत देऊ, असंही ठरवलं होतं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला, आणि मी तो घेतला.

शेकडो दाणे एकदम हवेत — याहून अवघड चित्र नसतं.

संध्याकाळी घरी आलो तर आबांची मूठ तशीच मिटलेली. म्हणाले, "आवाज बराबर ऐकू ये, पन अक्षता पडल्या का पोरगी ठिकऱ्या ठिकऱ्या दिसे. दिसलीच नही, तं टाकू कोनावर?" मग हळूच, "माह्या डोयाईले काही झालं का रे?"

एक वाक्य पुरलं असतं. पण दुसऱ्या कोणाच्या घरी ते दिसलंच नव्हतं — मग आमच्याकडेही फुटलं, हे कोण सांगणार होतं? मीच लावलेल्या कुलपाने मला झाकलं. मी म्हणालो, "साखर वाढली की होतं आबा असं."

त्यांनी लगेच मानलं. पुढे लग्नाचा व्हिडिओ आला, त्यात सगळं स्वच्छ दिसलं. मला वाटलं, आता यांच्या लक्षात येणार. तर म्हणाले, "आता दिसते. तवा नही दिसलं." डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत सांगितलं, तेही पटलं नाही. गोड चहावर जीव असलेला माणूस — त्याने चहातली साखर सोडली, ती स्वतःला शिक्षा म्हणून. आणि तो बिनसाखरेचा चहा मी रोज त्यांच्याशेजारी बसून पितो.

सांगणं जमलं नाही, असं नाही. सांगायचंच नव्हतं. ही खोली, ही भाकरी, "आपला पोरगा" असं पाहुण्यांना सांगणं — एवढं मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात रजनीताई बाळाला घेऊन आली होती. आबा तिला म्हणाले, "तुह्या अक्षताईच्या टायमाले माह्येच डोये आडवे आले, बाई." ती त्यांचा हात हातात घेऊन बसली.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "हो ताई, तेव्हा साखर फारच वाढली होती."