हात कधीपासून चालत नाही?

गोखिवऱ्याच्या रंभाचं लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली, आणि नवऱ्याचा, काळूरामचा उजवा हात त्यातला एकही महिना रिकामा बसला नाही. भात झोडावं तसा तो बायकोला झोडायचा. एकदा वरवंटा फेकून तिचा अंगठा चेचला. एकदा केस धरून विहिरीच्या कठड्यावर तोंड आपटलं, समोरचे दोन दात पाण्यात गेले. "माझे दात हायत तिच्यात, म्हनून तिचं पानी गोड," असं रंभा हसत सांगायची. हसताना पदर तोंडावर धरायची, एवढंच.

पण त्या बुधवारी संध्याकाळी कालवणात मीठ कमी म्हणून त्याने सुनेच्या, स्वप्नालीच्या कानफटात मारली. डूल ओढला गेला, कानाची पाळी फाटली, भातावर रक्त सांडलं. मुलगा दीपेश ट्रक घेऊन सुरतेला गेलेला. रंभाने हळद दाबली आणि पहिल्यांदाच तिला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वप्नाली खाली पाणी भरत होती. चहा निवला म्हणून काळूरामने हात उगारला. रंभाने सवयीने मान खाली घातली. फटका आलाच नाही. वर बघते तर हात लोंबतोय, तोंड एका बाजूला गेलंय, आणि गडी धाडकन ओट्यापाशी कोसळला.

सासूसुनेने त्याला रिक्षाने वसईच्या इस्पितळात नेला. तिथे डॉक्टर ॲनिशा म्हणून तरुण बाई होती. तिने घाईघाईने विचारलं, "मावशी, यांचा उजवा हात कधीपासून चालत नाही?"

"चालत नाय?" रंभाच्या तोंडून गेलंच. "बाय, तो लग्नापासून चालतोय. कालच सुनेवर चालला."

डॉक्टरीणबाईने सुनेचा कान बघितला, मग रंभाचे दात. "म्हणजे काल चांगला होता. आज सकाळी काय झालं?"

"ठाऊक नाय. उठला तो असाच."

"मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. सुरुवात कधी झाली तेच कळलं नाही, तर कसं देऊ?"

मग नकोच, रंभा मनात म्हणाली. पडू दे मेला लुळा.

"थांबा, मेंदूलाच विचारू," म्हणत डॉक्टरीणबाईने त्याला एमआरआयला नेलं. परत आली ती रंभाच्या समोर बसली. "दोन तऱ्हेचे फोटो काढले. एकात इजा लगेच पांढरी दिसते, दुसऱ्यात काही तासांनी उमटते. यांच्या पहिल्यात डाग आहे, दुसऱ्यात नाही. दुखणं ताजं आहे, आज सकाळचंच असणार. मावशी, तुम्ही बघितलंत ना?"

"तेहतीस वर्षं माझ्या अंगावर काळंनिळं उमटलं, ते कोनी वाचलं नाय. याच्या डोक्यातला पांढरा ठिपका लगेच वाचलात!" रंभा म्हणाली. "सहाला. मला मारताना पडला."

डॉक्टरीणबाईने संमतीचा कागद पुढे सरकवला. मग म्हणाली, "इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव व्हायचाही धोका असतो. सही तुमची लागेल."

स्वप्नालीने सासूचा हात धरला. "आई, नका करू. पडू दे त्यांचा हात."

"अगं, लुळा पडला तर याचं हगनंमुतनं काढनार कोन? तू नि मी. खाटेवरून जन्मभर शिव्या घालील. उठू दे त्याला." रंभाने चेचलेल्या अंगठ्याने पेन दाबून धरलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

तिसऱ्या दिवशी बोटं हलली. पाचव्या दिवशी पेज पातळ म्हणून हात उठला.

रंभाने मान खाली घातली नाही. मनगट पकडून खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. काळूराम गुरासारखा ओरडला. पेजेची वाटी घरंगळत पलीकडच्या खाटेखाली गेली.

ती त्याच्या कानाशी वाकली. "आता उगारून बघ. डॉक्टरीनबाय विचारील, हात कधीपासून चालत नाय. या वेळी मी टायम बराबर सांगीन."