नाही म्हणायला वेळ लागतो

शेवटची भेट नागपूरच्या इस्पितळात झाली. नर्स वहिनींच्या बोटातून रक्त घेत होती आणि मी खिडकीपाशी डोळे मिटून उभा. "भाऊजी, बोट माझं टोचून राहिले, तुमी काहून डोळे मिटून राहिले?" उशीवरून आवाज आला. किराणा दुकानात पोती उचलणारा पन्नाशीचा माणूस मी... पण सुईला मी भितो, हे घरात सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखलं होतं. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

वहिनी नाकाडोंगरीला आमच्या घरात आल्या त्या प्रयोगशाळेची नोकरी घेऊनच. जंगलाला लागून गाव. पावसाळा सरत आला की घरोघरी हिवताप. जवळच्या आरोग्य केंद्रात त्या काचेवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधत. थेंब वाळेपर्यंत त्यावर माशी बसू द्यायची नाही, माशी तो चाटून टाकते. म्हणून खिळ्याला बांबूचा हातपंखा कायम टांगलेला. एकदा बोट टोचताच मी तिथेच भोवळ येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा वहिनी वारा घालत होत्या... मला नाही, माझ्या थेंबाला.

काचेवर वाकल्या की बराच वेळ उठायच्या नाहीत. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "जंतू दिसला तर पटकन सांगता येते. नाही म्हणायले वेळ लागते, पुरी काच फिरा लागते." तेव्हापासून आमचा हिशेब पक्का : वहिनी लवकर उठल्या तर गोळ्या, बसून राहिल्या तर घोर नाही. गोळ्या संपल्या तरी सुटका नसेच. जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे पाहायला पुन्हा बोट पुढे करावं लागे.

मागच्या धानकापणीत त्यांनाच ताप धरला. दंडावर काळेनिळे डाग होते, पण त्या धांदलीत डागांकडे कोण पाहतो. दादा आणि मी सोबत केंद्रात गेलो. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं, काच रंगवली, वाकल्या आणि बसूनच राहिल्या. मी दादाला कोपर मारून म्हणालो, "काही नाही रे, निस्ता थकवा आहे." चहा-समोसे सांगितले. शेवटी उठून म्हणाल्या, "मलेरिया नाही." मी दादाला टाळी दिली. वहिनींनी अर्धा समोसा खाल्ला, ती काच रुमालात बांधली आणि दादाला म्हणाल्या, "उद्या नागपूरले जाऊ."

रक्ताचा कर्करोग निघाला. औषधाची पहिली फेरी झाल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे हट्ट धरून आपली काच पाहिली. "दाद नाही देऊन राहिला," एवढंच बोलल्या. त्या शेवटच्या भेटीत नर्स गेल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी कधी दिसलं होतं तुमाले?"

"वाकली तवाच."

"मंग इतका वेळ कायले बसल्या?"

"तुमी दोघं भाऊ मागं हसून राहिले होते ना... उठूसंच नाही वाटलं."

परवा मला ताप आला. केंद्रात आता नवीन मुलगा आहे. मलेरियाची पट्टीवरची तपासणी लगेच झाली, तरी मी म्हटलं, काचही पाहा. बोट पुढे केलं, डोळे उघडे ठेवले. पंखा त्याच खिळ्याला होता. काढला आणि थेंबाला वारा घातला. काच रंगवून मुलगा वाकला. बराच वेळ झाला, उठेना. बाहेरून चहावाल्यानं विचारलं, "शेठ, सांगू का समोसे?"

मी पंखा हातात धरून नुसती मान हलवली. नको.