मावशींच्या खानावळीतला म्हातारा

ताटावर हात आडवा धरला, की मावशी त्या हातावरच भाकरी ठेवायच्या. ‘पुरे’ हा शब्द त्यांच्या खानावळीत चालत नसे. “पुरे कुणाला म्हणतोस, मला का भाकरीला?” एवढं विचारून त्या पुढच्या पाटाकडं वळत. हातावर गरम भाकरी घेऊन बसलेला माणूस किती वेळ नाही म्हणणार, तुम्हीच सांगा.

मी मलकापूरहून कोल्हापूरला शिकायला आलो, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शहरात मला सगळ्याचीच लाज वाटायची, जास्त भूक लागते याचीसुद्धा. मावशींनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं असावं. माझ्या ताटात भाकरी कधी विचारून आली नाही.

दाराजवळच्या फळीवर जाळीचा एक पिंजरा होता आणि त्यात तपकिरी रंगाचा, केसाळ शेपटीचा जर्बिल. उंदीर आणि खार यांच्या मधलं काहीतरी दिसायचं ते. पुण्याचा एक विद्यार्थी शिक्षण संपवून जाताना त्याला मागं ठेवून गेला होता. त्याला उंदीर म्हटलेलं मावशींना खपत नसे. आधी त्या त्याला बाळ्या म्हणायच्या, पुढं पुढं म्हातारा.

हात धुवून निघताना प्रत्येक जण जाळीतून त्याला शेंगदाणा द्यायचा. कुणी गुळाचा खडा, कुणी सूर्यफुलाचं बी. मावशींना त्याचं कौतुकच. “माझ्या घरात कोण वाळल्यालं दिसलं, तर लोक काय म्हणतील?” माझ्या तिसऱ्या वर्षापर्यंत तो इतका गोल झाला, की मान कुठं संपते ते कळेना. पळणं थांबलं. मागच्या पायांच्या टाचा सोलवटल्या. श्वास घेताना सगळं अंग हलायचं.

मावशी त्याला स्टीलच्या डब्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात निघाल्या आणि सोबतीला मला घेतलं. आमच्या पुढं दोन म्हशी, मागं एक बोकड. डब्यात काय आहे ते कळल्यावर एक म्हसवाला हसला. “मावशी, ह्याला लोक सापळा लावत्यात, आन तुमी दवाखान्यात आणलाय व्हय?”

“तुझी म्हस म्हातारी झाली की मला सांग, पावण्या. तवा बोलू.”

डॉक्टरही आधी हसले. वय झालंय, आता याचा नाद सोडा, म्हणाले. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

“म्हस दूध देती म्हणून बघताय. ह्यो काय देत न्हाय, म्हणून बघायचं न्हाय व्हय?”

डॉक्टरांनी मग चष्मा लावला. चरबी वाढली आहे, काळजावर ताण येतोय, शेंगदाणे आणि गूळ बंद करा, त्याला हिंडू द्या, एवढं त्यांनी सांगितलं. याच्या पुढचं आपल्यालाही माहीत नाही, हेही सरळ सांगितलं.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, “कॉलेजात जातोस न्हवं? बघ की पुस्तकात.”

मी शब्दकोश शेजारी घेऊन ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक वाचलं. हा प्राणी मूळचा कोरड्या मुलखातला, माती उकरून राहणारा, दाणा शोधून खाणारा. आयतं मिळालं की अंगानं सुटतो. हे मी मावशींना सांगितलं. माझं वाचणं चुकलं तर त्याचा जीव जाईल, असं वाटत होतं. मावशींनी मात्र लगेच पिठाची जुनी कोठी रिकामी केली, तिच्यात कोरडी माती भरली आणि थोडीशी बाजरी मिसळून वर जाळी बसवली.

“आता कमवून खा, म्हाताऱ्या.”

खरी अडचण माणसांची झाली. ज्या बाईनं कुणाला अर्धपोटी उठू दिलं नाही, तीच आता शेंगदाणा घेऊन आलेल्या हाताच्या आड आपला पंजा धरू लागली. कचेरीतले कारकून अण्णा जुने गिऱ्हाईक. त्यांना तो अपमान वाटला.

“एका उंदरापायी माझा हात अडवताय? उद्यापासनं मी न्हाय यायचो. आन खानावळीत उंदीर पाळलाय, हे गावभर सांगणार.”

“सांगा की. माझं नाव बी सांगा. पर आज जेवून जावा.”

अण्णांनी ताटावर हात धरला. मावशींनी त्या हातावर भाकरी ठेवली.

अण्णा गेले ते आणखी दोघांना घेऊन. पाट रिकामे दिसू लागले. नुकसान होतंय, असं मी चाचरत म्हणालो, तर त्या पीठ मळता मळताच बोलल्या, “हूं दे. म्हातारं झालं म्हणून उपाशी मारायचं न्हाय, आन लाडानं बी मारायचं न्हाय.”

म्हातारा हळूहळू हलका झाला. टाचा भरून आल्या. कोठीतली माती तो अशी उडवायचा, की जवळ बसलेल्याला ताट झाकून जेवावं लागे. तो हिवाळा त्यानं मजेत काढला.

पण म्हातारपण काही मातीत पुरून ठेवता येत नाही. उन्हाळ्यात तो वर येईनासा झाला. एका दुपारी मावशींनी त्याला ओंजळीत घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी स्वतः शेंगदाणा पुढं केला. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मावशी थांबल्या. पुन्हा पुढं केला नाही.

“बरं,” एवढंच म्हणाल्या. कुणाचं ‘पुरे’ त्यांनी ऐकलेलं मी तेवढंच पाहिलं.

तो गेल्यावर कुणीतरी सुचवलं, आता कोठी काढा, म्हणजे अण्णा परत येतील. मावशी भाकरी थापत होत्या. “त्याची जागा हाय ती. ज्याला खुपती, त्यानं दुसरीकडं जेवावं.” माती भरलेली ती कोठी मी कॉलेज सोडेपर्यंत दाराजवळच होती.

आता मावशी नाहीत, खानावळही नाही. तरी कुणाकडं जेवायला बसलो, की मी सवयीनं ताटावर हात आडवा धरतो. समोरचा माणूस लगेच “बरं” म्हणून पुढं जातो. मी हात तसाच थोडा वेळ धरून ठेवतो.