शंभर दाण्यांचे जग

धरमसिंग गुरुजींच्या टेबलावर दंतमंजनाचा जुना डबा असायचा, आणि त्यात सारे जग मावायचे. दिग्रसजवळच्या तांड्यावरची दोन खोल्यांची शाळा. तिथे बावीस वर्षे ते फरशीवर खडूने जगाचा नकाशा काढत आणि डब्यातले तुरीचे शंभर दाणे मुलांकडून मांडून घेत. आशियात एकोणसाठ दाण्यांची दाटी व्हायची, आफ्रिकेत एकोणीस, युरोपात नऊ, दोन्ही अमेरिकांत मिळून साडेबारा. एवढ्या थोरल्या ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला मात्र डाळीची एक फोड! गुरुजी नोकरीला लागले तेव्हा एक दाणा साडेसहा कोटी माणसांचा होता, आता तो आठ कोटींचा झाला. जग फुगले, शाळा तेवढी आटली.

"इकडे एवढी गर्दी अन् तिकडे कोनीच नाही, असं काहून गुरुजी?" चौथीतली प्रेरणा विचारायची.

"जिथं पानी, जिथं काम, तिथं मानूस जाते, बाई." गुरुजींचे हे ठरलेले उत्तर.

यंदा वरून निरोप आला. गुरुवारी साहेब पट मोजणार, वीसच्या खाली भरला तर शाळेला कुलूप. हजेरीत नावे तेवीस होती. पण दिवाळी सरली होती, बुधवारीच ऊसतोडीचा ट्रक येणार होता आणि पोराबाळांसकट तांडा उठणार होता.

तांडा कधी हलायचा हे नायकाच्या शब्दावर ठरते. नायक रामलाल, बापामागे गादीवर आलेला, गुरुजींच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. गुरुजींनी त्याच्या दारात जाऊन चक्क हात जोडले. "एक दिवस थांबा रे बाबा. एकच दिवस."

रामलालने मान खाली घातली. "गुरुजी, तुमीच तर दाने मांडून शिकवलं मले. जिथं पानी, जिथं काम. इथं दोन्ही नाही. ट्रक थांबत नाही, मी काय करू?"

पोरगा हुशार निघाला म्हणून हसावे की कपाळ बडवून घ्यावे, गुरुजींना कळेना. ते परतले.

बुधवारी ट्रक भरला. भांड्यांच्या पोत्यावर बसलेल्या प्रेरणाने वरून विचारले, "आमी वापस आल्यावर मांडसान ना दाने?"

"मांडू," गुरुजी म्हणाले. बावीस वर्षांत मुलांशी ते पहिल्यांदाच खोटे बोलले.

गुरुवारी वर्गात तिघे होते, आजी-आजोबांजवळ मागे राहिलेले. साहेब भला माणूस. त्यांनी तीनदा मोजले, तीनच भरले. फरशीवर सवयीने मांडलेले जग पाहून "छान आहे" म्हणाले आणि दाण्यांवर पाय पडू नये म्हणून जपून ओलांडून गेले.

मुले घरी गेल्यावर गुरुजी गुडघे टेकून दाणे वेचू लागले. आशियातला एक दाणा त्यांनी चिमटीत धरला. या एकात आठ कोटी माणसे, आणि आपल्याला सतरा पोरे कमी पडली.