तिसऱ्या माळेची केळी

नूतनच्या घरामागे केळीचं रान उभं होतं, आणि घरात तिला केळं खायची बंदी होती. सासूबाईंचं, सुनंदाबाईंचं म्हणणं, केळं थंड, त्यानंच सुनेचं अंग आखडतं.

अंग तर लहानपणापासूनच आखडायचं. गेल्या श्रावणात उपासानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी तपासण्या करून कारण सांगितलं. पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या चुली असतात. चरबीचं सरपण त्यांच्यात सारणारं एक एन्झाइम नूतनच्या अंगात फार कमी होतं. पोटात पीठ-साखर असेल तोवर भागायचं. उपाशी राहिली की शरीर चरबीकडे वळायचं, ती जळायची नाही, मग स्नायूच तुटायचे आणि सगळं मूत्रपिंडावर यायचं. दर तीन तासांनी खा, पण तूपतेलाच्या भरवशावर राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नवरात्र आलं. सुनंदाबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून यंदा घटी बसायची पाळी थोरल्या सुनेची, नूतनची. नऊ दिवस घटापुढे, धान्याचा कण न खाता. नूतननं डॉक्टरांचं सगळं सासूला सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, उपाशी कोण ठेवतंय तुला, असं म्हटलं, आणि स्वतः बसून दाण्याच्या कुटाचे लाडू वळले. तूप हात सैल सोडून, गूळ नावाला. साबुदाणा नि फळं त्या घरात घटी बसणारीला चालत नव्हती. लाडू मायेनं वळलेले, म्हणून नको म्हणता येईना. नवरा भूपेंद्र म्हणाला, आई एवढं करतेय, खाऊन टाक.

तिसऱ्या माळेला तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या. मोरीत जाऊन आली ती भिंत धरून. घटापुढे देवीला वाहिलेली केळ्यांची फणी होती. तिनं त्यातली दोन केळी तोडली आणि तिथंच बसून खाल्ली. मान वर केली तर दारात सुनंदाबाई.

"आई, लघवी पुन्हा काळी झाली," एवढंच ती म्हणाली.

सुनंदाबाईंनी भूपेंद्रला गाडी काढायला हाक दिली. गुडघे धरत खाली टेकल्या. तिसरं केळं त्यांनीच सोललं आणि सुनेच्या तोंडाशी धरलं.

"खाय बेटा. माता समजी लेई. पन नेम मोडी गया. पुढला साल नऊ दिन पुरा करना पडतीन."

नूतननं घास गिळला. उठायला गेली, पाय उचलेनात.