ताईची ओळख

मी माझ्या सख्ख्या बहिणीला स्वयंपाकवाली म्हणालो. भरल्या खोलीत. ती दाराशीच उभी होती.

पीएचडीचा शेवटचा सेमिनार होता, नागपुरात. त्या दिवशी परीक्षकांचं जेवण विद्यार्थ्यानंच करायचं, ही आमच्या विभागाची रीत. ताई नरखेड तालुक्यातून एसटीनं आली, पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि पोळ्या घेऊन. ती गावची आशा कार्यकर्ती. मी पन्नाशीला टेकलेला आरोग्यसेवक. सरकारी दवाखान्यात गरिबाला कसं वागवतात, हा माझा विषय. ताईच मला घरोघर घेऊन हिंडली. ती सोबत होती म्हणून बाया बोलल्या.

गाईड सरांनी डबे पाहिले.

"घरचं कशाला आणलं? सगळ्यांनाच चालत नाही हो, तुमच्याकडचं."

आम्ही बौद्ध. 'तुमच्याकडचं' म्हणजे काय, ते खोलीत सगळ्यांना कळलं. कोणीतरी हसलं. हॉटेलातून थाळ्या मागवल्या गेल्या. मग सरांनी हनुवटीनं ताईकडे खूण केली. "या कोण?"

तिची विटकी साडी. प्लास्टिकच्या चपला.

"स्वयंपाकवाली आहे, सर."

डबे न उघडता परत गेले. बसस्टँडवर ताईनं एवढंच विचारलं, "काहून गा, माही लाज वाटली तुले?"

मी म्हणालो, "गाडी फलाटाला लागली, ताई."

नंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. थीसिसमध्ये मी ज्यांना दोष दिला होता, त्यांच्या रांगेत मी स्वतः उभा होतो. तरी थीसिस बांधून घेतला. सरांच्या टेबलावर ठेवला. सही तेवढी बाकी होती.

उन्हाळ्यात सरांचा फोन आला. "मनीषनगरच्या नव्या घराची वास्तुशांती आहे. तुमची ती बाई पाठवा. स्वयंपाकाला नको बरं का. भांड्यांना."





"सर, ती माझी मोठी बहीण आहे. ती येणार नाही. मीही येणार नाही."

"अस्सं. मग सहीचं बघू."

सही झाली नाही. गाईड बदलून द्या, असा अर्ज केला. तो अर्जही त्यांच्याच सहीनं पुढे जातो. मुदत संपत आली आहे. ही पदवी आता मिळत नाही. सहीसाठी त्यांच्या दारात मी पुन्हा उभा राहणार नाही, हे ठरवलं आणि गावची एसटी धरली.

अपमान चारचौघांत केला होता. म्हणून लसीकरणाच्या दिवशी गेलो. उपकेंद्रात बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या.

"वाट चुकला का गा?" ताई म्हणाली. "का सरानं सुट्टी देल्ली?"

बाया हसल्या. मी उभाच राहिलो.

"ताई, नागपुरात म्या सगळ्याइच्या समोर तुले स्वयंपाकवाली म्हटलं. सरांचं भेव नव्हतं. तुही लाजच वाटली मले. माफ कर."